पंखाचे दहा आकडे

हे सगळं पिशव्या शिवण्यापासून सुरू झालं.

तालुक्याच्या गावात बसस्टँडमागे आमचं गादी-रजईचं दुकान आहे. अब्बा मशीनवर कापूस पिंजतात, अम्मी खोळी शिवते. बी.एस्सी. होऊन वर्ष झालं तरी नोकरी नव्हती, म्हणून तेव्हा मीही शिवत होते. पावसाळा संपता संपता एक मॅडम दुकानात आल्या. त्यांना मऊ सुती कापडाच्या चाळीस पिशव्या हव्या होत्या, वीतभर रुंद, तोंडाशी नाडी, आणि शिवण बाहेरच्या बाजूने.

"शिलाई अंदर रहती है, मॅडम," अब्बा म्हणाले.

"मला बाहेरच हवी. आत पक्षी ठेवायचे असतात. सुट्या दोऱ्यात त्यांचं नख अडकतं."

"कोणते पक्षी?" मी विचारलं.

"चिमणीपेक्षाही लहान. हिवाळ्यात रशियातून तुमच्याकडे येतात ते."

मी इथेच वाढले होते. हिवाळ्यात तलावावर बदकं उतरतात, एवढं मला ठाऊक होतं. चिमणीहून लहान कोणी रशियातून आमच्याकडे येतं, हे पहिल्यांदाच ऐकलं.

पिशव्या तयार झाल्यावर मी प्रत्येकीवर मार्करने एक ते चाळीस आकडे घातले. मॅडमनी सांगितलं नव्हतं, पण पिशव्या एकसारख्या होत्या आणि मोजायला बरं पडेल असं मला वाटलं. त्यांनी त्या हातात घेतल्या, उलटसुलट केल्या आणि आकड्यांकडे पाहत राहिल्या. मग विचारलं, "हे कुणी लिहिलं?" आठ दिवसांनी, त्यांच्या पक्ष्यांच्या अभ्यासाच्या नोंदी लिहायला, मी त्यांच्यासोबत सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात राहायला गेले. गल्लीतल्या दोघा-तिघांनी अब्बांना विचारलं, लेकीला खेड्यात एकटीला कशाला धाडलं. अब्बा म्हणाले, लिखने का काम है. मशीन सुरू असली की त्यांना पुढचं ऐकू येत नाही, आणि विचारणारे आले की ते मशीन सुरू करायचे.

गावात आम्ही एका ढिवर बाईच्या घरात मागची खोली भाड्याने घेतली. बाई साठीच्या आसपासची. नवरा वारलेला, दोन्ही मुलं बायकांसह तेलंगणात मिरची तोडायला जाणारी. तलावातली मासेमारी तिच्याच समाजाच्या सोसायटीकडे होती आणि जाळं विणणं-सांधणं तिच्या हातात बसलेलं. मॅडमची जाळी केसाइतक्या बारीक धाग्याची. बांबूला ताणून उभी केली की दिसतही नसत. पहिल्याच दिवशी त्या चिमणीहून लहान पाखरांपैकी एक, वटवट्या, त्यांच्यात असा गुरफटला की मॅडम दहा मिनिटं सोडवत होत्या. बाई बाजूला उभी होती.

"मी पाहू काय?" ती म्हणाली.

मॅडमनी दिला. बाईने आधी पाय मोकळे केले, मग एक पंख, मग मान. पाखरू हातात आलं. "मासोळी कल्ल्यात अडकते, हे पायात अडकते. एवढाच फरक," ती म्हणाली. त्या दिवसापासून जाळ्यातून पक्षी काढायचं काम तिचं झालं. परवानगीच्या कागदावर मॅडमनी मदतनीस म्हणून तिचंही नाव घालून आणलं.

उजाडलं की आम्ही तलावाच्या पाळीवर जायचो. चिखलात वाघाचे पंजे ताजे दिसले तर तासभर थांबायचो. जाळी बेशरमाच्या झुडपांत आणि पाणगवताच्या कडेने लावलेली असत. बाई पक्षी पिशवीत घालून आणायची. मॅडम पायात नंबर कोरलेलं बारीक कडं घालत, वजन करत आणि मग पंख पंख्यासारखा उलगडत. पंखाच्या टोकाकडे दहा मोठी पिसं असतात. प्रत्येक पिसाला शून्य ते पाच असा आकडा. जुनं, झिजलेलं पीस म्हणजे शून्य. गळून गेलेलं किंवा नुकतं निळ्या नळीतून डोकावणारं म्हणजे एक. पूर्ण वाढलेलं नवं म्हणजे पाच. मॅडम आतल्या, कोपराकडच्या पिसापासून सुरुवात करत आणि टोकाकडे जात. "पाच, पाच, पाच, चार, दोन, एक, शून्य, शून्य, शून्य, शून्य." मी दहा चौकोनांत डावीकडून उजवीकडे लिहीत जायचे.

पहिला हिवाळा मी फक्त लिहिलं. काय लिहितेय ते डिसेंबरात हळूहळू कळलं. काही पक्षी निघायच्या आधीच तिकडे पिसं बदलून येतात. हे मातकट वटवटे मात्र जुन्याच, दात पडलेल्या कंगव्यासारख्या पंखांनी इथवर येतात आणि इथे, या तलावाच्या काठावर, एकेक करून पिसं टाकतात आणि नवी उगवतात. सगळी एकदम टाकली तर उडता येणार नाही, म्हणून ओळीने. आतून सुरू करून बाहेर. मॅडम एकदा बाईला समजावत होत्या की हे नवं पीस इथल्या किड्यांवर तयार होतं आणि मार्चनंतर त्याच पिसांनी पक्षी परत जातो.

"मंग पाखरू इथलंच झालं नाई का?" बाई म्हणाली.

मॅडमनी पाखराचा पंख मिटला. "पंखापुरतं म्हणता येईल," त्या म्हणाल्या.

जे सांगायचं आहे ते दुसऱ्या हिवाळ्यात घडलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मॅडमच्या आईचं ऑपरेशन ठरलं आणि त्या तीन आठवड्यांसाठी गावी गेल्या. पक्षी पिसं बदलत असतानाचे हेच दिवस महत्त्वाचे, म्हणून त्यांनी आपल्या जागी एका निवृत्त सरांना बोलावलं. सर सत्तरीचे, मितभाषी, हाताला फार हलके. पहिल्या सकाळीच ते मला म्हणाले, "हे बघ, मी टोकाकडून मोजतो. बाहेरून आत. चाळीस वर्षांची सवय आहे, आता जाणार नाही. तू उजवीकडच्या चौकोनापासून लिहायला लाग, म्हणजे झालं."

"जमेल सर," मी म्हणाले. मला त्यात काही अवघड वाटलं नाही. लहानपणी मी मदरशात उर्दू शिकले होते, उजवीकडून लिहिणं हाताला नवं नव्हतं.

पहिले चार-पाच दिवस नीट गेले. मग आजूबाजूच्या बांध्यांमध्ये धान कापायला सुरुवात झाली. उभ्या धानातले पक्षी उठून तलावाच्या कडेला आले आणि जाळी भरून जाऊ लागली. पिशव्या दोरीवर एका ओळीत लटकायच्या, सर भराभर आकडे सांगायचे, मी मान वर न करता लिहायचे. त्यातल्या कुठल्या तरी सकाळी माझा हात आपोआप डावीकडून सुरू झाला. मग मध्येच पुन्हा उजवीकडून. मला कळलंच नाही.

कळलं ते सर जायच्या आदल्या दिवशी, दुपारी. मी कागदांवरचे आकडे लॅपटॉपमध्ये भरत होते. एका वटवट्याच्या ओळीत दिसलं: शून्य, शून्य, शून्य, दोन, चार, पाच, पाच, पाच, पाच, पाच. म्हणजे टोकाची पिसं नवी आणि आतली जुनी. खाली आणखी एक तसाच. पान उलटलं, तिथे तीन. मी हात थांबवला.

बाई सांदवाडीत, घरामागच्या अंगणात, जाळं सांधत बसली होती. मी तिच्याजवळ गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, कोंबडी पंखाची पिसं टाकते ती कुठून टाकते? आतून का बाहेरून?"

"आतून," ती जाळ्यातून मान वर न करता म्हणाली. "काऊन?"

"बाहेरून कधीच नाही?"

"मी तं पायली नाई. पाय नं तूच, थे तांबडी टाकूनच राह्यली."

तांबडी कोंबडी शेणाच्या ढिगाशी होती. बाईने तिला पकडून माझ्यापुढे धरलं. मी पंख उलगडला. आतली चार पिसं नवी, मग एक अर्धं, पुढची जुनी. माझ्यापुरता प्रश्न सुटला. चुकलेल्या ओळी कोणत्या, हे आता मला ओळखता येणार होतं. ज्या ओळीत टोक नवं आणि आत जुनं, ती ओळ मी उलटी लिहिली. तिला परत उलटी केली की बरोबर.

आम्ही नोंदी शिसपेन्सिलने करायचो, कारण दव पडलं तरी शिसं पसरत नाही. मी खोलीत गेले, दार ओढून घेतलं आणि खोडरबर काढलं. चुका असलेल्या पहिल्याच पानावर अशा अकरा ओळी निघाल्या. एकेक ओळ खोडून मी सुलट लिहिली. अक्षर तेच, पेन्सिल तीच. फुंकर मारून कचरा उडवला. पान आधीपेक्षा स्वच्छ दिसत होतं. मला भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. एक काम नीट केल्यासारखंच वाटलं, हे मला आजही आठवतं.

दुसऱ्या पानाला हात लावणार तोच बाई चहा घेऊन आली. पेला ठेवून ती कागदांकडे वाकून पाहू लागली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कागद तिला आवडायचे.

"त्या खाटकाचं का लिवलं वो?" तिने विचारलं.

"कोणता खाटीक?"

"थो नाई का, माह्या बोटाले चावला थो. तुये सर म्हनत नव्हते का, हा उलटा हाये म्हनून? किती खूश झाले होते."

मला आठवलं. तपकिरी खाटीक पक्षी, त्याच वर्षी जन्मलेला, कोवळा. सरांनी पंख उलगडला आणि थबकले होते. मग म्हणाले होते, "अरे वा. हे बघ. कोवळ्या पक्ष्यांत कधी कधी असं होतं. उडताना टोकाची पिसं जास्त झिजतात, म्हणून तेवढीच बदलतो आणि आतली तशीच ठेवतो." त्यांनी बाईलाही पंख दाखवला होता. बाईने बोट चोखत पाहिला होता.

मी पान पुढे ओढलं. खाटीक त्याच पानावर होता, वरून सातवा. पाच, पाच, पाच, पाच, पाच, शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य. मी नुकतीच लिहिलेली ओळ, काळीभोर. मूळची ओळ बरोबर होती आणि ती मी दुरुस्त केली होती.

"का झालं?" बाईने विचारलं.

"चुकलं, बाई."

"मंग सांग नं मॅडमले."

"मॅडम काय म्हणतील?"

"मले का मालूम?" ती म्हणाली आणि रिकामा पेला न्यायला थांबली. मी चहा प्यायले नव्हते. ती तशीच उभी राहिली, मग मी प्यायले.

सर दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेले. त्यांना मी काही बोलले नाही. मॅडम चार दिवसांनी आल्या. ते चार दिवस मी नोंदींना हात लावला नाही. जाळी बंद होती, करायला काही नव्हतं. बाईबरोबर मासे साफ करत बसायचे.

मॅडम संध्याकाळी पोहोचल्या. आईची तब्येत बरी होती. हातपाय धुऊन बसल्या तेव्हा मी कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. सर कसे मोजायचे, मी कुठे चुकले, मग काय खोडलं, आणि खाटीक.

त्यांनी ते पान उचलून दारातल्या उजेडाशी धरलं. कागदावर जुन्या आकड्यांचे वळ दिसतात का ते पाहत होत्या. काही ठिकाणी दिसत होते, बऱ्याच ठिकाणी नव्हते.

"किती पानं?"

"खोडलं एकच. चुका आठ पानांवर असतील."

"खोडरबर कुठे आहे?"

मी दिलं. त्यांनी ते आपल्या पर्समध्ये टाकलं. "उलटं लिहिलं असतंस आणि तसंच ठेवलं असतंस, तर मी बसून सोडवलं असतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आता या पानावर मला काहीच खात्रीने म्हणता येत नाही." मग त्या उठल्या आणि बाईकडे जेवण तयार आहे का ते विचारायला गेल्या.

जेवताना त्यांनी सरांना फोन लावला, स्पीकरवर. सर सगळं ऐकून म्हणाले, "माझीच चूक. दुसऱ्याच्या शिबिरात गेल्यावर आपली सवय बाजूला ठेवायची असते." मग म्हणाले, "तो खाटीक पुन्हा मिळतोय का बघा. कड्याचा नंबर आहे ना?"

नंबर होता. कड्याचा नंबर मी बरोबर लिहिला होता, आणि खाटीक हिवाळाभर एकाच जागी राहतो. पण जाळ्यात एकदा आलेला खाटीक पुन्हा सहज येत नाही. मॅडमनी पुढचे बारा दिवस ठरवले. त्या पानावरच्या अकरांपैकी जितके परत मिळतील तितके मिळवायचे. नवीन पक्षी आले तर कडं घालून सोडायचे, पण शोधायचे हे अकरा. पिसं पुढे सरकलेली असणार, पण आज पंख कुठे पोहोचलाय त्यावरून तीन आठवड्यांपूर्वी तो कुठे होता याचा अंदाज बांधता येतो.

वटवटे तीन मिळाले. तिघांचे पंख आतून बाहेरच बदलत गेले होते, म्हणजे त्यांच्या ओळी मी बरोबर उलटल्या होत्या. त्याचा मला आनंद झाला नाही. खाटीक मिळत नव्हता. आम्ही तो जिथे पहिल्यांदा पकडला होता तिथेच जाळी लावत होतो आणि तो लांबून आमच्याकडे पाहत बसायचा. पायातलं कडं उन्हात चमकायचं.

आठव्या दिवशी बाई म्हणाली, "इथी नाई येनार थो. थो तिकडं जेवते." तिने बोट दाखवलं. खळ्याजवळ एक बाभूळ होती. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्या काट्यांवर दोन नाकतोडे आणि सरड्याचं अर्धं शेपूट टोचून ठेवलेलं. खाटकाचा साठा. धान मळायचं चालू होतं, भुशातून किडे उडायचे आणि हा तिथे यायचा. बाईने खळ्यावरच्या माणसांना दोन दिवस त्या बाजूने न यायला सांगितलं. जाळी तिने स्वतः लावली, नेहमीपेक्षा ढिली, मासोळीच्या जाळ्याला ठेवतात तसा झोळ ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास तो आला. बाईने या वेळी त्याला बोट दिलं नाही, लुगड्याचा पदर गुंडाळून धरला. मॅडमनी नंबर वाचला, मी कागदाशी ताडून पाहिला. मग त्यांनी पंख उलगडला आणि मला जवळ बोलावलं. टोकाकडची पाच पिसं गडद, कडा धारदार, नव्या कापडासारखी. आतली पाच विटकी तपकिरी आणि टोकं झिजलेली. मधली सीमा एवढी स्पष्ट होती की मोजायचीही गरज नव्हती.

तरी मॅडमनी मोजलं. आतून. "शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य, पाच, पाच, पाच, पाच, पाच." मी लिहिलं. "वाचून दाखव," त्या म्हणाल्या. मी वाचून दाखवलं.

"म्या म्हनलं नव्हतं?" बाई म्हणाली.

त्यानंतर प्रत्येक पक्ष्याची ओळ मी मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मगच मॅडम त्याला सोडायच्या. पेन्सिल गेली, पाण्याने न पसरणारं पेन आलं. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. सुरुवातीला प्रत्येक वाचनाच्या वेळी कान गरम व्हायचे. जानेवारीपर्यंत ती नुसती कामाची पद्धत झाली.

उरलेल्या सात पानांचं मॅडमनी आणि मी मिळून पाहिलं. जिथे सरांना स्वतःला काही आठवत होतं तिथे त्यांना विचारलं. प्रौढ वटवट्यांच्या ओळी, शेजारी 'उलटली' अशी खूण करून, ठेवल्या. कोवळ्या पक्ष्यांच्या सगळ्या वगळल्या, कारण त्यांच्यात कोणती उलटी खरी आणि कोणती माझी, हे सांगता येत नव्हतं. त्यात किती खाटीक वाया गेले कोण जाणे. अहवालात त्यावर एक वाक्य आलं, या तारखांमधल्या कोवळ्या पक्ष्यांच्या पंखांच्या नोंदी लेखनातील चुकीमुळे वापरलेल्या नाहीत. मी मॅडमना म्हणाले, लिहिणाऱ्याचं नाव घाला. त्या म्हणाल्या, "तारखा पुरतात."

मी त्यांच्याकडे आणखी एक हिवाळा काढला. त्याच वर्षी त्यांनी मला पक्षी धरायला शिकवलं: मान दोन बोटांत, पाठ तळहाताला, आणि दाब अजिबात नाही. पहिला वटवट्या मी धरला तेव्हा त्याचं काळीज इतक्या वेगाने चालत होतं की ते ठोके आहेत हे आधी कळलंच नाही, काहीतरी घरघरतंय असं वाटलं. मॅडमच्या मते माझा हात बरा आहे. बाईच्या मते मी अजूनही पाय सोडवायला उशीर लावते.

ते काम संपल्यावर मॅडम त्यांच्या संस्थेत परत गेल्या. मी आता गडचांदूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गावात कारखान्यातल्या सिमेंटची भुकटी असते. खिडकीच्या पट्टीवर, पानांवर, सायकलच्या सीटवर. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळेमागच्या नळाशी साचलेल्या पाण्यावर पिवळे धोबी पक्षी येतात. तेव्हा ते उन्हाळ्याचा पिवळा रंग घेत असतात. निम्मं डोकं पिवळं, निम्मं राखी, गळ्यावर ठिपके ठिपके. मधल्या सुट्टीत मी पायऱ्यांवर डबा खात त्यांना पाहते. परवा नववीतल्या एका मुलीने विचारलं, मॅडम, त्याला काही रोग झालाय का? मी म्हटलं, नाही, पिसं बदलतोय. तिने विचारलं, दुखतं का? मी तिला सांगितलं की मला ते माहीत नाही. ती माझ्या शेजारी बसली, आणि घंटा होईपर्यंत आम्ही दोघी पाहत राहिलो.